कीटदंश : लेप केव्हा आणि सुई केव्हा

होळी होऊन उन्हे तापू लागली की डोंबिवलीतील रसवंतीगृहांच्या चरकाभोवती मधमाशा घोंगावू लागतात. पुढे भाद्रपद-आश्विनात इमारतींच्या सज्ज्यांखाली, वातानुकूलन यंत्रामागील खाचेत, गॅलरीच्या जाळीच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांची कागदी पोळी भरास येतात. या दोन्ही हंगामांत आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात कीटदंशाचे रुग्ण येतात. बहुतेकांचे दुखणे दोन-तीन दिवसांचे असते. लेप लावला, धीर दिला, की रुग्ण समाधानाने घरी जातो. बहुधा यामुळेच या विषयाकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. अगदतंत्रावर लेख लिहावयाचा झाल्यास आपण सर्पविष किंवा दूषीविष निवडतो. गांधीलमाशीच्या वाट्यास फार तर दोन ओळी येतात.

माझे मत आरंभीच मांडतो. कीटदंशाच्या बहुसंख्य रुग्णांत आपली चिकित्सा पुरेशी आहे. ज्या थोड्या रुग्णांत ती पुरेशी नाही त्यांना पहिल्या काही मिनिटांत ओळखणे, ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन देणे आणि रुग्णालयात रवाना करणे हेही अगदतंत्राचेच काम आहे. ते केल्याने शास्त्राशी प्रतारणा होते असे मानणाऱ्या वैद्यबंधूंशी माझा मतभेद आहे. अलीकडे शहरात आणखी एक रुग्ण आपल्या दारी येऊ लागला आहे. तो म्हणजे पाळीव मांजर. त्याच्याविषयी मत अगदी वेगळे आहे, ते शेवटी सांगेन.

प्रथम ग्रंथांकडे वळू. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या आठव्या अध्यायात, कीटकल्पात, कीटांची दोषानुसार विभागणी केली आहे : वायव्य अठरा, आग्नेय चोवीस, सौम्य तेरा आणि सान्निपातिक बारा, असे एकूण सदुसष्ट. यातील आग्नेय, म्हणजे पित्तप्रकोपक गटात वरटी आणि भ्रमर ही दोन्ही नावे आहेत. वरटी म्हणजे आपली गांधीलमाशी. तिच्या दंशानंतरचा दाह, राग आणि शोथ ज्याने पाहिला आहे त्यास हे वर्गीकरण समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. त्याच अध्यायात मक्षिकांचे सहा प्रकार आहेत : कान्तारिका, कृष्णा, पिंगला, मधूलिका, काषायी आणि स्थालिका. पहिल्या चारांच्या दंशाने कंडू, शोफ, दाह व रुजा होते. शेवटच्या दोहोंत मात्र श्याव पिडका आणि ज्वरादी उपद्रव सांगून त्यांना प्राणहर म्हटले आहे. चरकाचार्यांनीही विषचिकित्सिताध्यायात मक्षिकांपैकी एक प्राण घेणारी असल्याचे नोंदविले आहे.

या उल्लेखाकडे आपण विद्यार्थिदशेत परीक्षेपुरते पाहिले. मला तो फार अर्थपूर्ण वाटतो. माशीसारख्या क्षुद्र जीवाच्या दंशाने मनुष्य दगावू शकतो हे त्या काळी पाहिले गेले होते आणि ते लपविले गेले नाही. आज आपणास ठाऊक आहे की प्राण जाण्याचे कारण दरवेळी माशीच्या जातीत नसते. पुष्कळदा ते दंश झालेल्या व्यक्तीच्या शरीरात असते. एकाच जातीची, सातेरी मधमाशी दोघा भावांना चावते. एकास तासाभराची आग होते आणि दुसऱ्यास वीस मिनिटांत मूर्च्छा येते. पोर्तिए आणि रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ साली या घटनेस ॲनाफायलॅक्सिस हे नाव दिले आणि रिशे यांना त्यासाठी १९१३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रंथकारांनी जे साध्य-असाध्य कीटांच्या नावाखाली विभागले, ते आज आपण रुग्णाच्या लक्षणांवरून विभागावयाचे आहे.

आता नित्याच्या रुग्णाविषयी. तो आला की पहिला प्रश्न असा : माशी मध गोळा करणारी की गांधील? मधमाशीच्या नांगीस उलट काटे असतात. त्यामुळे ती त्वचेत रुतून राहते, विषाच्या पिशवीसह माशीच्या शरीरापासून तुटते आणि तुटल्यावरही ती पिशवी आकुंचन पावून विष आत सोडीत राहते. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असल्याने ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते आणि मागे काही ठेवीत नाही. मधमाशीची नांगी चिमट्याने काढू नये, पिशवी दाबली जाऊन विष आत जाते, नखाने अथवा कार्डाने खरवडूनच काढावी, असे आपण सर्वांनी ऐकले आहे आणि रुग्णांना सांगितलेही आहे. १९९६ साली लॅन्सेटमध्ये व्हिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिले. काढण्याच्या पद्धतीने विशेष फरक पडला नाही, विलंबाने पडला. तेव्हा कार्ड शोधण्यात वेळ न दवडता जे हाताशी असेल त्याने, बोटांनीही, नांगी काढावी. अर्थात रुग्ण आपल्यापर्यंत येईतो पिशवी बहुधा रिकामी झालेली असते. म्हणून ही गोष्ट चिकित्सालयात करण्यापेक्षा आधीच लोकांना सांगण्याची आहे.

दंशस्थानी लोकांनी काय काय लावून आणलेले असते ते पाहण्यासारखे असते. चुना, तंबाखू, टूथपेस्ट, रॉकेल, कांद्याचा रस, शिवाय लोखंडाची किल्ली घासल्याचे ओरखडे. मधमाशीचे विष आम्ल म्हणून त्यावर सोडा, गांधीलमाशीचे अल्कधर्मी म्हणून त्यावर व्हिनेगर, हा शाळेतील विज्ञानाचा पाठही सुशिक्षित घरांतून मोठ्या निष्ठेने पाळला जातो. विष त्वचेच्या आत गेलेले असते आणि त्यातील दाहक घटक प्रथिनस्वरूप असतात. मधमाशीच्या शुष्क विषाचा जवळजवळ निम्मा भाग मेलिटिन या एकाच द्रव्याचा असतो. वरून लावलेल्या सोड्याने त्याचे काही बिघडत नाही. चुन्याने मात्र कोवळी त्वचा भाजते. लहान मुलाच्या गालावर दंशापेक्षा चुन्याचा व्रण अधिक दिवस राहिल्याचे मी पाहिले आहे.

येथे आपल्याच ग्रंथांतील एका प्रयोगाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मक्षिका-मशकादींच्या दंशावर वारुळाची काळी माती गोमूत्रात कालवून लावण्याचा लेप सांगितला आहे. आजच्या काळात, धनुर्वाताचे बीज मातीत असते हे ठाऊक असताना, छिद्र पडलेल्या त्वचेवर माती लावण्याचा सल्ला मी देणार नाही आणि कोणी देऊ नये असे मला वाटते. ग्रंथातील उपलब्ध द्रव्यांतून निवड करण्याचे स्वातंत्र्य युक्ती या प्रमाणाने आपणास दिलेलेच आहे. त्यासाठी लाजण्याचे कारण नाही.

मग लावावे काय? वरटी आग्नेय गटातील, म्हणून शीत उपचार. सामान्य कीटविषात उष्ण स्वेद-लेपांचे विधान असले तरी दोषभेदाने चिकित्सा बदलावी असे त्याच अध्यायात म्हटले आहे, आणि मूर्च्छा वा दंशपाक असेल तेथे उष्ण उपचार वर्ज्य सांगितला आहे. स्वच्छ पाण्याने धुऊन थंड पाण्याची घडी अथवा कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटे ठेवणे हा पहिला उपाय. त्यानंतर दशांग लेप. शिरीष, यष्टिमधु, तगर, रक्तचंदन, वेलची, जटामांसी, हळद, दारुहळद, कोष्ठ आणि वाळा ही दहा द्रव्ये, गाईच्या तुपात कालवून, अखंड त्वचेवर. शिरीषास चरकाचार्यांनी विषघ्न द्रव्यांत अग्रस्थान दिले आहे आणि या लेपाने ठणका व उष्णता लवकर उतरते असा माझा पंधरा-सोळा वर्षांचा अनुभव आहे. अनुभव म्हणजे सिद्धता नव्हे, हे मी जाणतो. पण दोन दिवसांत आपोआप उतरणाऱ्या सुजेवर सौम्य, सुखद लेप लावण्यास कोणाचा आक्षेप असू नये.

जाता जाता एक सूचना. दशांग लेप आणि दशांग अगद यांत नवीन पदवीधरांचा गोंधळ होताना दिसतो. दशांग अगद अष्टांगहृदयाच्या उत्तरतंत्रातील. त्यात वचा, हिंगू, विडंग, सैंधव, गजपिप्पली, पाठा, प्रतिविषा आणि त्रिकटू ही द्रव्ये असून तो कीटविषात पोटात देण्यासाठी सांगितला आहे. तो उष्ण-तीक्ष्ण आहे. दाह भडकलेल्या गालावर त्याचा लेप थापणे हे नावसाधर्म्याने झालेले दुर्दैव होय. औषध लिहून देताना ‘लेप’ किंवा ‘अगद’ हा शब्द पूर्ण लिहावा.

दुसऱ्या दिवशी सूज वाढली म्हणून रुग्ण घाबरून परत येतो. हात कोपरापर्यंत सुजलेला, कातडी ताठ. अनेक ठिकाणी यास जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके सुरू होतात. वस्तुतः अशी मोठी स्थानिक प्रतिक्रिया एक-दोन दिवसांत शिखरास जाते आणि आठवडाभर रेंगाळू शकते. ज्वर नाही, पू नाही, काखेत वेदनायुक्त गाठ नाही, तर धीर धरावा. दंश घशात, जिभेवर अथवा डोळ्याच्या बुबुळावर असेल तर मात्र सूज लहान असली तरी रुग्ण रुग्णालयाचा. उसाच्या रसाच्या पेल्यात पडलेली माशी न पाहता गिळली जाते आणि घशात डंख मारते, ही गोष्ट आपल्याकडे उन्हाळ्यात अशक्य नाही. रस पारदर्शक पेल्यात घ्यावा आणि पाहून प्यावा, इतकेच सांगितले तरी पुष्कळ.

आता मुख्य मुद्दा. दंशानंतर काही मिनिटांत ते तासाभरात दंशस्थानापासून दूर, सर्वांगावर गांधी उठू लागणे, ओठ-जीभ-पापण्या सुजणे, आवाज घोगरा होणे, छातीत घरघर, वारंवार उलटी, पोटात कळ, चक्कर, घाम, नाडी बारीक व द्रुत होणे. यांतील त्वचेचे लक्षण आणि सोबत श्वास, रक्ताभिसरण वा पचनसंस्थेचे एक लक्षण असेल तर निदान झाले. दंशाचा इतिहास निश्चित असता केवळ रक्तदाब कोसळला तरी निदान झाले. काही रुग्णांत त्वचेवर काहीही दिसत नाही आणि नेमके तेच फसवितात. गांधीलमाशी चावल्यावर ‘घाबरून चक्कर आली’ असे नातेवाईक सांगतात, तेव्हा रक्तदाब मोजल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

इंग्लंडमधील पम्फ्री यांनी ॲनाफायलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. कीटदंशाच्या मृतांत दंशापासून हृदय अथवा श्वास थांबेपर्यंतचा मध्यक कालावधी होता पंधरा मिनिटे. पंधरा मिनिटे म्हणजे काय हे डोंबिवलीकरास सांगावयास नको. महापालिकेचे शास्त्रीनगर रुग्णालय पश्चिमेस आहे. पूर्वेकडील रुग्णाने संध्याकाळी सहाच्या सुमारास पूल ओलांडून तेथे पोहोचावयाचे म्हटले तर पंधरा मिनिटे पुलाच्या तोंडाशीच संपतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे आणि ती बोलवावीच. परंतु ती येईपर्यंत रुग्ण ज्याच्यासमोर आहे तो चिकित्सक बहुधा गल्लीतला वैद्यच असतो. आपण निवडलेले नाही, भूगोलाने आपणास तेथे उभे केले आहे.

अशा वेळी हातात काय असावे? एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम या प्रमाणाची ॲड्रिनॅलिनची कुपी. प्रौढास अर्धा मिलिलिटर, बालकास वजनाच्या दर किलोस एक शतांश मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या बालकास एक दशांश मिलिलिटर. द्यावयाचे स्थान मांडीचा मध्यभाग, पुढील-बाहेरील बाजू, स्नायूत. दंडात नाही, त्वचेखाली नाही आणि शिरेतून तर आपण कदापि देऊ नये. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई आखूड असते, ती प्रौढाच्या स्नायूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून योग्य लांबीची सुई कुपीसोबतच बांधून ठेवावी. सुधारणा नसेल तर पाच ते पंधरा मिनिटांनी मात्रा पुन्हा देता येते. रुग्णास आडवे निजवावे व पाय उंच करावेत. श्वास लागत असेल तर बसू द्यावे, पण एकदम उठवून उभे करू नये, चालवत रिक्षापर्यंत तर मुळीच नेऊ नये. याच पम्फ्री यांनी २००३ साली दाखविले की उभे केल्याबरोबर काही रुग्णांचे हृदय थांबले. बरे वाटू लागले तरी काही तासांनी लक्षणे उलटू शकतात, म्हणून रुग्णालयात निरीक्षण अपरिहार्य. रुग्ण रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी औषधे घेत असेल तर इंजेक्शनचा परिणाम कमी पडू शकतो. ही माहिती चिठ्ठीवर अवश्य लिहावी.

फेनिरामिन आणि डेक्सामेथासोन या जोडगोळीवर आपल्याकडील सर्वच पॅथींच्या व्यावसायिकांचा विलक्षण विश्वास आहे. कंड थांबविण्यास ती ठीक. कोसळता रक्तदाब ती सावरत नाही आणि सुजलेला श्वासमार्ग वेळेत मोकळा करीत नाही. ती आधी देऊन ॲड्रिनॅलिनची वाट पाहणे ही चूक केवळ आपल्या क्षेत्रात होते असे नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर एक पन्नाशीचे गृहस्थ शेजाऱ्यांनी आधार देऊन माझ्याकडे आणले. गच्चीवरील टाकीचे झाकण उघडताना मानेवर तीन डंख. चुना लावून झाला होता. अंगभर गांधी, दोन उलट्या, रक्तदाब सत्तरच्या आसपास. त्यांना जमिनीवरच निजवून मांडीत इंजेक्शन दिले, रुग्णवाहिका बोलावली. दहाव्या मिनिटाला ते बोलू लागले. नंतर एका ज्येष्ठ वैद्यमित्रांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग यात तुमचा आयुर्वेद कोठे राहिला?” प्रश्न प्रामाणिक होता आणि आपल्या अनेकांच्या मनात तो असतो, म्हणून येथे उत्तर देतो.

चरकाचार्यांनी विषचिकित्सेचे चोवीस उपक्रम सांगितले. त्यात लेप आहे, तसेच हृदयावरण आणि संज्ञास्थापनही आहे. हृदयाचे रक्षण हा विषाच्या वेगातील आद्य विचार आहे. कोसळते हृदय आणि रक्ताभिसरण मिनिटांत सावरणारे द्रव्य आज उपलब्ध असेल तर ते हृदयावरणाच्या हेतूशी विसंगत कसे? जगात औषध नाही असे द्रव्य नाही, हा तर आपलाच सिद्धान्त. जोकिची ताकामिने यांनी १९०१ च्या सुमारास ॲड्रिनॅलिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले ते प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथीतून. आपल्या परिभाषेत ते जांगम द्रव्य झाले. मला हा युक्तिवाद करावा लागतो याचेच थोडे नवल वाटते. रुग्ण आपल्या पायरीवर मरणासन्न असताना द्रव्याचे गोत्र विचारण्याची परंपरा निदान सुश्रुताची नव्हे.

दुसरा आक्षेप कायद्याचा. तो अधिक गंभीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या मुख्तियार चंद प्रकरणात हा विषय राज्याच्या कायद्यावर सोपविला. महाराष्ट्रात १९६१ चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम आणि त्याखालील अधिसूचना यांच्या चौकटीत पात्र नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांना त्यांच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधे वापरता येतात. प्रत्येकाने आपली नोंदणी व पात्रता तपासून घ्यावी आणि जे प्रशिक्षण नाही ते मिळवावे. संघटनेने आपल्या त्रैमासिक सभेत एक तास या विषयास द्यावा, संत्र्यात सुई टोचून का होईना, सराव करून घ्यावा, आणि कुप्यांच्या मुदतीची तारीख पाहण्याची आठवण दर अंकात छापावी. कुपीतील द्रव पिंगट झाला असेल तर ती टाकून द्यावी. हे मी आग्रहाने सुचवितो. ज्यांना इंजेक्शन देणे मान्य वा शक्य नाही, त्यांनी निदान लक्षणे ओळखून विनाविलंब पाठवावे. काढा उकळत ठेवून रुग्णास बसवून ठेवणे कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

झुंडीच्या हल्ल्याची गोष्ट निराळी आहे. तेथे असात्म्यता नसली तरी विषाची मात्राच घातक ठरते. आपल्याकडील बरीच मंडळी सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतील गडकिल्ल्यांवर जातात. कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळाची पोळी लोंबत असतात. मार्च २०२५ मध्ये तिथीच्या शिवजयंतीच्या सुमारास शिवनेरीवर जमलेल्या शिवभक्तांवर मधमाशांनी हल्ला केला आणि अनेक जण जखमी झाले. धूर, मोठा आवाज, उग्र अत्तर यांनी ही माशी खवळते. चिरडलेल्या माशीतून व रुतलेल्या नांगीतून पिकलेल्या केळ्यासारखा गंध सुटतो आणि तो इतर माश्यांना बोलावतो. म्हणून हातवारे करून मारीत बसू नये. तोंड-नाक कापडाने झाकून सरळ पळावे आणि बंद खोलीत वा वाहनात शिरावे. अशा रुग्णाचे डंख मोजावेत. पन्नासाहून अधिक असतील, बालक वा वृद्ध असेल तर त्याहून कमी असले तरी, रुग्ण कितीही ठणठणीत दिसो, त्यास रुग्णालयात पाठवावे. रक्तकण व स्नायू विघटित होऊन एक-दोन दिवसांनी वृक्क बंद पडू शकतात. मूत्राचा रंग काळसर चहासारखा झाला की उशीर होऊ लागला आहे असे समजावे. पुनर्नवा, गोक्षुर यांची ही वेळ नव्हे.

येथे मधमाशीच्या बाजूनेही एक वाक्य लिहितो. आग्या माश्या पावसाळ्यापूर्वी पोळे सोडून स्थलांतर करतात. सोसायटीच्या उंच सज्ज्यावरील पोळे टेंभ्याने जाळण्याची घाई करून चिडलेल्या माश्या साऱ्या आवारावर सोडण्यापेक्षा खालची वाट काही आठवडे बंद ठेवणे पुष्कळदा शहाणपणाचे असते. काढावयाचेच तर जाणकारांकडून, रात्री.

आता मांजर. ओळखीतल्या एक बाई भाजीच्या पिशवीत मांजर घेऊन आल्या. खिडकीतील गांधीलमाशीवर पंजा मारला होता, नाक आणि ओठ सुजून तोंड एका बाजूस वाकडे झालेले. “डॉक्टर, नातवाचे तापाचे सिरप आहे घरी, चमचाभर देऊ का?” हा प्रश्न त्यांनी विचारला म्हणून मांजर वाचले. हे सिरप पॅरासिटामॉलचे असते. मांजराच्या यकृतात हे औषध निर्विष करणारी ग्लुकुरोनाइडची प्रक्रिया अत्यंत क्षीण असते. वजनाच्या दर किलोस दहा मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेनेही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. पाच मिलिलिटरमध्ये अडीचशे मिलिग्रॅम असलेल्या सिरपचा एक चमचा चार किलोच्या मांजरास दिला तर ती मात्रा याच्या सहापट होते. रक्त तपकिरी पडते, श्वास लागतो, आणि विशेष म्हणजे चेहरा व पंजे सुजतात. म्हणजे घरच्यांना वाटावे की माशीची सूजच वाढली, म्हणून आणखी एक चमचा. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांचीही गत अशीच.

‘आयुर्वेदिक असल्याने अपाय नाही’ हे वाक्य माणसांच्या बाबतीतही खरे नाही. मांजराच्या बाबतीत ते धोकादायक आहे. मांजर सतत अंग चाटते. त्यास लावलेला प्रत्येक लेप हा पोटात दिलेला कल्क समजावा. कापूर, निलगिरीचे तेल, लवंगेचे तेल, वेदनाशामक बाम ही सारी त्याला विषवत् आहेत. कांदा व लसूण यांनी त्याचे रक्तकण फुटतात, म्हणून कांद्याचा रस चोळण्याचा घरगुती उपायही त्याज्य. आपला दशांग लेपसुद्धा मी मांजरास लावणार नाही. पूर्वसूरींनी हत्तीसाठी पालकाप्याच्या नावे हस्त्यायुर्वेद आणि अश्वासाठी शालिहोत्राची परंपरा निर्माण केली. मांजरासाठी असा मान्य ग्रंथ आपल्या हाती नाही. माणसाची मात्रा वजनाच्या प्रमाणात कमी करून त्याला द्यावी असे म्हणणाऱ्यांनी हत्ती-घोड्यांसाठी वेगळी तंत्रे का रचावी लागली याचा विचार करावा. शिवाय भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुचिकित्सा हा नोंदणीकृत पशुवैद्यकांचा अधिकार आहे. ॲड्रिनॅलिनच्या बाबतीत जो कायदा आपणास मुभा देतो त्याचा दाखला येथे लागू होत नाही.

मग त्या बाईंना काय सांगावे? नांगी दिसत असेल तर काढा. थंड पाण्यात भिजविलेले कापड मांजर सोसेल तितका वेळ सुजेवर धरा. तोंडाने काही देऊ नका. मांजर पिशवीत नव्हे, हवा खेळणाऱ्या पेटीत ठेवा आणि अंधारात शांत राहू द्या. केवळ नाक किंवा पंजा सुजला असेल आणि ते खाऊ-फिरू लागले असेल तर पशुवैद्यकांना दूरध्वनीवर विचारणे पुरे. तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, लाळ गळत असेल, वारंवार उलटी होत असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर क्षणही न दवडता निघावे. कुत्र्याप्रमाणे मांजर उष्म्याने सहसा धापा टाकत नाही. त्याचे उघडे तोंड म्हणजे श्वास कोंडल्याची खूण समजावी. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटीट पशुरुग्णालय मोठे आणि नामांकित असले तरी डोंबिवलीहून ते लोकलने तासाभराहून दूर. तेव्हा जवळच्या, रात्री उपलब्ध असणाऱ्या पशुवैद्यकांचा क्रमांक आपण प्रत्येकाने आपल्या मेजाच्या खणात, ॲड्रिनॅलिनच्या कुपीशेजारीच लिहून ठेवावा.